बायोप्सीचा ब्लॉक लॅबमध्येच राहिला का?

जळगाव-धुळ्याकडून मुंबईला ‘टाटा’ कॅन्सर हॉस्पिटलात दाखवायला निघालेल्या पेशंटच्या पिशवीत सगळं असतं. सीटी स्कॅनच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड. नसतो तो बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेल्या गाठीच्या तुकड्याचा ब्लॉक. तो मागून घ्यायचा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि ‘टार्गेटेड थेरपी (गाठीतला नेमका बिघाड हेरून दिलेलं औषध) आम्हाला चालेल का?’ याचं उत्तर बहुतेक वेळा त्यातूनच निघतं.

ब्लॉक म्हणजे बोटभर प्लास्टिकच्या कॅसेटवर बसवलेली मेणाची वडी. आत गाठीचा नखाएवढा किंवा त्याहून लहान तुकडा, कडेला नंबर. त्याचे तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढून तपासण्या होतात. रिपोर्टाच्या कागदावर नवी तपासणी करता येत नाही, ब्लॉकवर येते. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून बराच तापतो, तेव्हा ब्लॉक तिथे ठेवू नये.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. म्हणून केस गळतात, तोंड येतं. टार्गेटेड औषध त्या गाठीत सापडलेल्या एखाद्या ठरावीक बिघाडावर काम करतं. रुंद पानाच्या तणाचं तणनाशक गवतावर मारून उपयोग नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही तण कोणतं ते आधी ओळखायचं. म्हणून डॉक्टरांना ‘नवीन औषध द्या’ म्हणण्यापेक्षा ‘गाठीत काय सापडलं?’ असं विचारावं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) ३+ आलं तर ट्रास्टुझुमॅब या त्यावरच्या औषधाचा विचार होतो. २+ हे अर्धवट उत्तर आहे, मग ‘फिश’ ही जनुकाची तपासणी झाली का ते विचारायचं. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुकांची नावं रिपोर्टात शोधायची. कधी बिडी न ओढलेल्या बायकांमध्ये ईजीएफआरचा बिघाड जास्त आढळतो, त्यामुळे ‘तिला कसं काय झालं?’ म्हणत बसण्यापेक्षा ही तपासणी लवकर झालेली बरी. काहीच सापडलं नाही, तर महागडी गोळी हट्टाने घेऊ नये.

पैशांचंही मोकळेपणाने विचारा. रक्ताच्या एका कॅन्सरवरचं इमॅटिनिब हे टार्गेटेड औषध अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका रूपाचं पेटंट नाकारलं आणि स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आपल्या औषधाची भारतीय आवृत्ती आहे का, महात्मा फुले योजनेत ते बसतं का, हे पहिल्याच भेटीत विचारलेलं चांगलं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. मुलगा केबिनमध्ये आधी एकटा शिरतो आणि हळूच म्हणतो, “डॉक्टरसाहेब, मायले सांगू नका.” त्यामागे माया असते, मान्य. पण टार्गेटेडपैकी बरीच औषधं गोळ्यांच्या रूपात महिनोन्‌महिने घरीच घ्यायची असतात. जिला आजारच माहीत नाही, ती त्रास सांगणार कशी? गोळ्यांचे नियमही असतात. ईजीएफआरवरची एर्लोटिनिब उपाशीपोटी, तर इमॅटिनिब जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर. अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी एर्लोटिनिब आणि तशाच जेफिटिनिब या गोळीचं शोषण कमी करते. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यातल्या बऱ्याच औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं. गावच्या वैद्याचा काढा चालू असेल तर तोही सांगावा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये.

ईजीएफआरच्या गोळ्यांनी चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं, नखांच्या कडा सुजतात, जुलाब होतात. त्यावर उपाय असतो, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ट्रास्टुझुमॅब चालू असताना ठरावीक अंतराने हृदयाचा इको लागतो. गोळीवर असताना नवीन धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.