समरी जजमेंट आणि कारणं देण्याची जबाबदारी

साक्षीपुरावा, उलटतपासणी असला फुल ट्रायल न चालवता फक्त कागदांवरून लागणारा दिवाणी निकाल म्हणजे समरी जजमेंट. असा निकाल देताना जजने आपण तिथवर कसे पोचलो ते लिहिलं पाहिजे, हे तत्त्व भारतात आता पक्कं धरलं जातं. साक्षीदार तपासलेले नसतात, त्यामुळे अपिलात वरच्या कोर्टाकडे अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि जजने लिहिलेले चार परिच्छेद एवढंच जातं, आणि ते परिच्छेदही नसले तर तपासायचं काय.

उगम: इंग्लंडमध्ये सुरुवात साधारणपणे १८५५ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंज कायद्यापासून धरतात (वकील मंडळी त्याला कीटिंगचा कायदा म्हणायची). हुंडीचा पैसा बुडवायला खोटे बचाव घेऊन वर्षानुवर्षं केस लांबवत, त्यावरचा हा उपाय. भारतात १८६६ च्या ५ व्या अ‍ॅक्टने तसंच काहीसं आणलं आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ते ऑर्डर ३७ (चेक, हुंडी अशा लेखी देण्यांच्या दाव्यांची झटपट पद्धत) म्हणून बसलं. कारणं देण्याचं बंधन मात्र इतकं जुनं नाही, जुन्या कॉमन लॉमध्ये जजवर तशी सरसकट सक्ती नव्हती. आपल्याकडे ते नेमकं कुठून आलं यावर दोन मतं दिसतात. एक नैसर्गिक न्यायाकडे बोट दाखवतं, दुसरं संहितेच्याच कलम २(९) कडे, कारण तिथे जजमेंटची व्याख्याच ‘डिक्री किंवा ऑर्डरची कारणं सांगणारं जजचं निवेदन’ अशा अर्थाची आहे. दुसरं जास्त पटतं. बलराज तनेजा (१९९९) मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखी जबाब आलेलाच नाही अशा केसमध्येसुद्धा कारणांसकट जजमेंट लागतं असं म्हटलं, तेही याच व्याख्येच्या आधाराने.

खरी अडचण लिव्ह टू डिफेंडच्या ऑर्डरमध्ये येते (ऑर्डर ३७ च्या दाव्यात प्रतिवादीला बचाव मांडायला आधी कोर्टाची परवानगी लागते, ती ही). ‘बचावात दम नाही, परवानगी नामंजूर, दावा डिक्री’ एवढ्या एका ओळीत प्रतिवादीचा सगळा बचाव संपतो. संतोष कुमार वि. भाई मूल सिंग (१९५८) बघा. साठ हजारांचा चेक वटला नाही म्हणून दावा, आणि प्रतिवादी म्हणतो चेक नुसता तारण म्हणून दिलेला, मालाचे पैसे नंतर रोख आणि दुसऱ्या चेकांनी फेडले. खालच्या कोर्टाने हा मुद्दा ट्रायलला घेण्यासारखा आहे असं मान्य केलं, पण कागद जोडले नाहीत म्हणून बचाव मोघम ठरवून तारण द्यायची अट घातली. सुप्रीम कोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी अट काढली, कारण पुरावा द्यायची वेळ परवानगीनंतर येते, आधी नाही. कारण लिहिलेलं होतं म्हणूनच त्यातली चूक पकडता आली.

आयडीबीआय ट्रस्टीशिप वि. हबटाऊन (२०१६) ही मुंबई हायकोर्टातून वर गेलेली केस, तिथे सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाची बिनशर्त परवानगी बदलून ४१८ कोटी भरा नाहीतर तेवढ्याची सिक्युरिटी द्या असं सांगितलं. त्यात पायऱ्या ठरल्या: भक्कम बचाव असेल तर बिनशर्त, हेतूबद्दल शंका असेल तर अटींवर, बचाव शक्य कोटीतला पण पटण्यासारखा नसेल तर सगळी रक्कम व्याजासकट भरायलाही लावता येते, काहीच नसेल तर नकार. म्हणजे आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे जजने सांगायलाच हवं, नाहीतर अट का घातली ते कळणारच नाही. मेकालेक या सुप्रीम कोर्टाच्या निकालातल्या (१९७६) परवानगीबद्दलच्या जुन्या कसोट्या यानंतर किती उरल्या यावर वाद घालता येतो, पण हबटाऊनने ऑर्डर ३७ मधल्या १९७६ च्या दुरुस्तीचा आधार घेतलाय आणि तो वजनदार आहे.

कमर्शिअल कोर्ट्स अ‍ॅक्ट, २०१५ ने व्यापारी दाव्यांतल्या समरी जजमेंटसाठी संहितेत आणलेल्या ऑर्डर १३-अ मध्ये कारणं नोंदवण्याचं बंधन थेट नियम ६ मध्येच लिहिलंय.

किती लिहिलं म्हणजे पुरेसं? पानं मोजून काही होत नाही. क्रांती असोसिएट्स (२०१०) मध्ये सुप्रीम कोर्टाने रबर स्टँपछाप कारणं चालणार नाहीत असं बजावलंय, दोन्ही बाजूंचे मुद्दे टाईप करून शेवटी ‘सबब अर्ज नामंजूर’ लिहिणं त्याच जातीचं. अमेरिकेत समरी जजमेंटच्या फेडरल नियम ५६ मध्ये २०१० पासून कोर्टाने कारणं नोंदवावीत असं आहे, पण शब्द सक्तीचा ‘शॅल’ नसून त्याहून सौम्य ‘शुड’ आहे.