घरगुती बिअरच्या किण्वनाची पारख

घरी केलेली बिअर नीट आंबते आहे का, हे ओळखण्याची रीत. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला केंद्रीय करातून सूट मिळाली आणि दोन्हीकडे हा छंद फोफावला. महाराष्ट्रात मात्र परवान्याविना घरी मद्य बनवणे हा दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे.

मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क (वर्ट) थंड करून त्यात यीस्ट घातले की पहिले काही तास, कधी दिवसभरही, वरून काहीच हालचाल दिसत नाही. यीस्ट तेव्हा प्राणवायू शोषून वाढीची तयारी करत असते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसते. मग पृष्ठभागावर फेसाचा जाड थर चढतो आणि काही दिवसांनी बसतो. थर ओसरला तरी भांड्याच्या कडेला तपकिरी वळ उरतो. किण्वन सुरू झाल्याची ती चांगली खूण.

नवशिक्यांचे सारे लक्ष एअरलॉकमधल्या (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या, झाकणावरच्या पाण्याच्या नळीतल्या) बुडबुड्यांकडे असते, आणि फसगत तिथेच होते. झाकण जरा सैल असेल तर वायू कडेने निसटतो आणि जोरात आंबणारी बिअरही निपचित वाटते. उलट किण्वन संपल्यावर खोली तापली, तरी विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात.

भरवसा ठेवावा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या उपकरणावर. साखरेचे अल्कोहोल होत जाते तसे द्रवाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता; पाण्याचे १.०००) उतरते. सुरुवातीला १.०५० असलेली एल (तुलनेने उबेत आंबणारी बिअर) १.०१२ वर थांबली, तर १.००० च्या वरच्या भागात सुमारे ७६ टक्के उतार झाला आणि अल्कोहोल जवळपास ५ टक्के भरले. एलच्या बऱ्याच यीस्टांसाठी हा उतार योग्यच. नमुना उपकरणावर छापलेल्या तापमानाला, बहुधा २० अंश सेल्सिअसला आणावा. हायड्रोमीटर गर्रकन फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटकावेत, नाहीतर तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. तपासलेला नमुना पुन्हा भांड्यात ओतू नये. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला आणि तो अपेक्षेच्या आसपास असला, तरच किण्वन संपले म्हणावे.

आकडा १.०२० ला अडला तर कारणे दोन संभवतात. थंडीने किंवा अशक्तपणामुळे यीस्ट थांबले असेल, किंवा मॉल्ट फार गरम पाण्यात भिजवल्याने न आंबणाऱ्या शर्करा जास्त उतरल्या असतील. यातले कारण कोणते हे ओळखण्यासाठी थोडा अर्क वेगळा काढून, भरपूर यीस्ट घालून उबेत ठेवतात. तोही तिथेच थांबला तर यीस्टचा दोष नाही. तो खाली गेला, तर भांडे थोडे उबदार करून तळाचे यीस्ट हलकेच ढवळतात.

नाकही कामी येते. लोण्याचा वास डायअसिटिलचा, हिरव्या सफरचंदाचा अॅसिटाल्डिहाइडचा. दोन्ही बहुधा यीस्टला आणखी दिवस हवेत असे सांगतात. लागरला (थंडीत आंबणाऱ्या बिअरला) किण्वनात गंधकाचा वास येणे नेहमीचेच. वर सुरकुतलेला पापुद्रा आणि चढती आंबट चव मात्र संसर्गाची लक्षणे. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत बंद केली तर आत वायू साठत राहतो आणि काच फुटून इजा होऊ शकते.