संकेतस्थळाविषयीचे परस्परविरोधी सुरक्षा-इशारे

एकच संकेतस्थळ एका अँटीव्हायरसने धोकादायक म्हणून अडवावे आणि दुसऱ्याने विनातक्रार उघडू द्यावे, ही नेहमी आढळणारी स्थिती. अनेक सुरक्षा कंपन्यांची मते एकत्र दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या सेवेवर संकेतस्थळाचा पत्ता तपासला की ती एका नजरेत दिसते: दोन-तीन निकाल लाल, पुष्कळसे हिरवे आणि काही 'अनरेटेड'. अनरेटेड म्हणजे त्या कंपनीकडे त्या पत्त्याबद्दल काही मतच नाही. असे निकाल हिरव्यांत धरण्याची चूक सर्रास होते. ही सेवा २००४ साली स्पेनमधील मालागा येथे सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलने ती घेतली. फाइली तपासण्यासाठी तिथे पुण्याच्या क्विक हीलसह सत्तरच्या आसपास इंजिने (तपासणी करणाऱ्या प्रणाली) आहेत. पत्त्यांसाठी मात्र अँटीव्हायरस कंपन्यांबरोबर काळ्या याद्या, म्हणजे घातक पत्त्यांच्या नोंदी, ठेवणाऱ्या सेवाही मत देतात.

मतभेदाचे मूळ यादी कशाची आहे यात असते. काही याद्या एकेका पानाची नोंद ठेवतात, काही संपूर्ण डोमेनची (स्थळाच्या मुख्य नावाची), तर काही सर्व्हरच्या आयपी पत्त्याची (त्या संगणकाच्या इंटरनेटवरील क्रमांकाची). स्वस्त सामायिक होस्टिंगवर एका आयपीवर शेकडो संकेतस्थळे असतात. त्यांतले एक हॅक झाले की आयपी पाहणारी यादी शेजाऱ्यांनाही दोषी धरते. घातक स्थळांबद्दल इशारा देणारी गूगलची सेफ ब्राउझिंग यंत्रणा पत्त्याचे डोमेन आणि मार्ग यांचे वेगवेगळे तुकडे पाडून यादीशी ताडते. ३१ जानेवारी २००९ रोजी या यादीत चुकून नुसती '/' ही खूण शिरली. ती प्रत्येक पत्त्यात असतेच, त्यामुळे गूगलच्या शोधात जवळजवळ प्रत्येक निकालापुढे 'हे स्थळ तुमच्या संगणकाला अपाय करू शकते' अशी सूचना झळकली. चूक माणसाच्या हातून झाली होती आणि तासाभरात निस्तरली गेली.

दुसरे कारण वेळेचे. फसवी पाने काही तासांत, कधी काही मिनिटांत उभी राहतात आणि नाहीशी होतात. यादीत नाव चढेपर्यंत पान गेलेले असते. उलट, हॅक झालेले स्थळ मालकाने स्वच्छ केल्यावरही जुनी नोंद कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून निकालाआधी तपासणीची तारीख पाहावी. व्हायरसटोटल पुष्कळदा जुनाच अहवाल समोर ठेवतो, पुन्हा तपासणीचे बटण दाबल्यावरच ताजा निकाल मिळतो.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. हल्लेखोराचे पान पाहुणा कोण हे ओळखून रूप बदलते. भारतातील मोबाइलवरून, एसएमएसमधील दुव्यावरून येणाऱ्याला बँकेचा खोटा लॉगिन दिसतो. परदेशातील डेटा सेंटरमधून आलेल्या तपासणी-यंत्राला कोरे पान किंवा साधा ब्लॉग दिसतो. अशा वेळी सगळे निकाल हिरवे येतात आणि तरीही पान घातक असते.

लाल निकालांची नुसती संख्या मोजणे त्यामुळे अपुरे ठरते. अनेक कंपन्या एकमेकींच्या किंवा समान स्रोतांच्या याद्या विकत अथवा मोफत घेतात, तेव्हा पाच इशाऱ्यांमागे एकच मूळ नोंद असू शकते. इशाऱ्याचा प्रकारही वाचावा. 'फिशिंग' म्हणजे माहिती चोरणारे पान, 'मालवेअर' म्हणजे घातक फाइल देणारे. 'सस्पिशस' हा बहुधा यंत्राने बांधलेला अंदाज असतो. ब्राउझरने दाखवलेली प्रमाणपत्राची (स्थळाची ओळख आणि सुरक्षित जोडणी यांच्या दाखल्याची) तक्रार ही वेगळीच गोष्ट आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली तरी ती येते. वैध प्रमाणपत्र दाखवणारे कुलुपाचे चिन्ह फसव्या पानालाही सहज मिळते.

पडताळणी करताना दुव्यावर न टिचकता तो नक्कल करून व्हायरसटोटलमध्ये टाकावा. त्यात पासवर्ड बदलण्याचा किंवा खाजगी कागदपत्राचा दुवा मात्र कधीही टाकू नये, कारण दिलेले पत्ते इतरांना दिसतात. मग गूगलच्या पारदर्शकता अहवालात (सेफ ब्राउझिंगचे मत दाखवणाऱ्या पानावर) तेच डोमेन पाहावे आणि हूइज या डोमेन-नोंदणीच्या सार्वजनिक नोंदीत त्याची नोंदणी-तारीख शोधावी. वीजबिल थकल्याचा किंवा ई-चलनाचा संदेश आणि आठ दिवसांपूर्वी नोंदवलेले डोमेन अशी जोडी आढळली, तर सगळे निकाल हिरवे असले तरी थांबावे. भारतीय बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'बँक डॉट इन'ने संपणाऱ्या डोमेनवर जाण्यास सांगितले होते. त्यामुळे बँकेच्या पत्त्याचा शेवट तपासणे सोपे झाले आहे. पैसे गेलेच असतील तर पडताळणीत वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

स्वतःचेच स्थळ लाल दिसू लागल्यास मालकाने 'चुकीचा इशारा' असे लगेच गृहीत धरू नये. वर्डप्रेस या स्थळ चालवणाऱ्या प्रणालीचे जुने प्लगिन (जोड-प्रोग्राम), अनोळखी प्रशासक खाते, मोबाइलवरच चालणारे पुनर्निर्देशन (पाहुण्याला परस्पर दुसऱ्या पानावर नेणे) आणि सर्व्हरवर अलीकडे बदललेल्या फाइली आधी तपासाव्यात. सफाईनंतर गूगल सर्च कन्सोल या स्थळमालकांसाठीच्या साधनाच्या सुरक्षा विभागातून फेरतपासणी मागता येते. फिशिंगच्या प्रकरणाला साधारण एक दिवस, मालवेअरला काही दिवस आणि हॅक करून घुसवलेल्या स्पॅमला कित्येक आठवडे लागतात. सफाई आणि पुन्हा लागण हा खेळ वारंवार दिसला, तर गूगल त्या स्थळाला ३० दिवस फेरतपासणी मागू देत नाही. व्हायरसटोटल कोणाचाही निकाल बदलत नाही. लाल मत देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे तिच्या स्वतःच्या चूक-नोंद अर्जातूनच जावे लागते, आणि एकीने नाव काढले तरी दुसरीच्या यादीत ते तसेच राहते.