पोतोसीची मीता

मीता ही दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश राजवटीत खाणींसाठी पाळीपाळीने माणसे पाठवण्याची सक्तीची पद्धत होती. केचुआ भाषेत ‘मीता’ म्हणजे पाळी. आपल्याकडचा ‘वेठ’ हा शब्द तिला सर्वांत जवळचा; फरक इतकाच की मीतेत मजुरी ठरलेली असे, आणि ती पोटाला पुरत नसे. तिचे सर्वांत मोठे व कुप्रसिद्ध केंद्र म्हणजे आजच्या बोलिव्हियातील पोतोसी.

शब्द स्पॅनिशांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचा आणि मूळ प्रथाही त्यांचीच. रस्ते, पूल, कोठारे, राजाची शेती या कामांसाठी प्रत्येक आय्यू, म्हणजे जमीन सामाईक असलेली भावकी, आपल्या पाळीला माणसे देई. राबणाऱ्यांचे खाणेपिणे राज्याकडे असे आणि मक्याची चिचा हे पेय तर हवेच. स्पॅनिशांनी नाव ठेवले, पाळी ठेवली. पंगत तेवढी उठवली.

पोतोसीचा ‘सेरो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, १५४५ मध्ये स्पॅनिशांच्या नजरेत आला. दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला तिथली चांदी प्रथम सापडली असे सांगतात. सुरुवातीची वर्षे सोपी होती. वरच्या थरातले खनिज कसदार होते आणि ते वितळवण्याची विद्या स्थानिकांच्या हाती होती. उतारावर मातीच्या छोट्या ‘वायरा’ भट्ट्या मांडत आणि डोंगरवाराच भात्याचे काम करी. पुढे कसदार खनिज संपत आले व उत्पादन घसरले.

तेव्हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७२–७३ च्या सुमारास सगळा कारभार नव्याने बसवला. हलक्या खनिजाची पूड करून ती पाऱ्यात मिसळायची, पारा चांदी धरतो, मग तापवून तो उडवायचा. पारा आजच्या पेरूतील वांकावेलिका येथील खाणीतून येई. पूड करायला पाणचक्क्या आल्या, त्यांना पाणी पुरवायला डोंगरात तलाव बांधले. चाकाच्या जोरावर जड मुसळे वरखाली होऊन खनिज कांडत. मिरची कांडायचा डंक ज्याने पाहिला आहे त्याला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. (ती मिरचीही मूळची अमेरिकेचीच.) उरला प्रश्न माणसांचा, आणि तिथे मीता आली.

इंकांची जुनी राजधानी कुझको (आजच्या पेरूत) हिच्या आसपासपासून आजच्या दक्षिण बोलिव्हियापर्यंतच्या सुमारे १६ प्रांतांना दरवर्षी प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाठवणे भाग पडले. हा आकडा साधारण १३,५०० भरे. नियमाने एका वेळी त्यांतले एक तृतीयांश कामावर असायचे, बाकीच्यांना विसावा. पण मजुरीत भागत नसल्याने विसाव्याच्या आठवड्यांतही बरेच जण ‘मिंगा’, म्हणजे रोजंदारीचे गडी, म्हणून राबत. त्याच कामाला मिंगांना मीतेवाल्यांपेक्षा बराच जास्त दर मिळे.

जाणारा माणूस एकटा जात नसे. टिटिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून निघणाऱ्या तांड्याचे वर्णन सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले आहे: बायकापोरे धरून सुमारे ७,००० माणसे, सोबत धान्य लादलेले हजारो लामा, आणि रस्ता सुमारे दोन महिन्यांचा. परतणारे थोडेच, काही मेले, काही तिकडेच राहिले.

खाणीतले दृश्य होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने टिपून ठेवले आहे. पिळलेल्या कातडी दोरांच्या शिड्या, मध्ये लाकडी पायऱ्या. एका बाजूने चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे. खनिजाचे ओझे कांबळ्यात गुंडाळून पाठीवर, त्याच्या गाठी छातीवर. तिघे तिघे मिळून चढत आणि पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली असे, कारण दोन्ही हात शिडीला हवेत. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर हे चाले. भूक व थकवा मारण्यासाठी गालात कोकाची पाने असत. कोकाच्या व्यापारावर कित्येकांनी मोठी कमाई केली. बाजारात ही पाने आणि चिचा विकणाऱ्यांत स्थानिक स्त्रिया पुष्कळ होत्या.

या चांदीची आठ रेआलची (रेआल हे स्पॅनिश चलन) नाणी जगभर फिरली. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतही ती असत, आणि सुरतेसारख्या बंदरांत उतरलेली परदेशी चांदी मोगल टांकसाळीत वितळून रुपये पडत.

मीतेने समाजाची घडीच विस्कटली. पाळी चुकवायला लोक गाव सोडून दुसरीकडे ‘परगावचे’ म्हणून राहू लागले, कारण उपऱ्याच्या नावावर मीता नव्हती. गावात उरलेल्यांच्या वाट्याला पाळी लवकर येऊ लागली, म्हणून तेही निघाले. माणसे भरेनात तेव्हा गावाचे मुखिया, ‘कुराका’, रोख रक्कम भरू लागले. त्या पैशातून मजूर लावायचा सोडून काही खाणमालक ती सरळ खिशात घालत. अशा कागदावरच्या मजुरांना ‘खिशातले इंडियन’ असे नावच पडले. खाणीत कोणी उतरत नसे, पण वेठ वसूल होई. मीता टिकण्यामागचे एक मोठे कारण इथे आहे, आणि चांदीच्या आकड्यांत ते दिसत नाही.

१८१२ मध्ये स्पेनमधील कादिस येथे भरलेल्या संसदेने मीता रद्द केली. प्रत्यक्षात ती १८२५ च्या स्वातंत्र्यानंतरच संपली. सेरो रिकोत आजही सहकारी संघांचे कामगार उतरतात, मुख्यतः जस्त व कथिलासाठी. बोगद्यात ‘एल तिओ’ या शिंगवाल्या मूर्तीपुढे कोकाची पाने आणि पेटती सिगारेट ठेवून ते काम सुरू करतात. पोखरून पोखरून डोंगराचा माथा खचू लागला आहे, म्हणून १९८७ पासून जागतिक वारसा असलेले पोतोसी २०१४ मध्ये धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले.