मआबारा म्हणजे छावणी नव्हे

इस्राएलमधल्या १९५०च्या दशकातल्या सगळ्या तात्पुरत्या वस्त्यांना मराठीत सरसकट ‘निर्वासित छावणी’ म्हणतात. तिथेच गल्लत होते. स्थलांतरितांची छावणी वेगळी, मआबारा म्हणजे आपलं आपण कमवून राहायची तात्पुरती संक्रमण-वस्ती वेगळी.

मे १९४८ ते १९५१अखेर सुमारे ६ लाख ८७ हजार ज्यू स्थलांतरित इस्राएलमध्ये आले आणि तिथली ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. आधी त्यांना ब्रिटिश लष्कराने सोडलेल्या तळांवरच्या छावण्यांत ठेवत. हैफाजवळची शआर हाअलिया (मार्च १९४९) त्यातली मुख्य. भोवती काटेरी तार, दारात पहारा, उतरताच डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी, मग तपासणी, आणि जेवण सामाईक भटारखान्यात फुकट. कमाई नाही, घर नाही. मुक्काम लांबत जाई आणि तिजोरीवरचा भार वाढे.

मे १९५०मध्ये यरुशलेमच्या डोंगरांत कसलोनला पहिला मआबारा उभा राहिला. शब्दाचा हिब्रू धातू ‘पार होणे’ असा. इथे भटारखाना बंद: आपलं आपण कमवायचं, आपलं आपण रांधायचं. काम म्हणजे बहुधा रस्ते आणि झाडं लावणं, तेही रोजगार कचेरीच्या रांगेत नंबर लागला तर. निवाऱ्याला तंबू, लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेला ‘बादोन’ किंवा पत्र्याचा ‘पाखोन’. पत्रा उन्हाळ्यात तापे. भिजलेल्या कॅनव्हासला आतून हात लागला की तिथूनच गळती. चिखल झाला की खुंट्या सुटत आणि तंबू आडवा होई. हिवाळ्यात लष्कराला मदतीला उतरावं लागलं.

खरा पेच शाळेचा झाला. १९४९च्या कायद्याने पालकांना शिक्षणाचा प्रवाह (धार्मिक, कामगार वगैरे) निवडायची मुभा होती. छावण्यांत मात्र सर्वांना एकच, धर्मनिरपेक्ष वळणाचा साचा. येमेनी मुलांच्या धार्मिक प्रथेने राखलेल्या कानाजवळच्या बटा कापल्याच्या तक्रारींवरून १९५०मध्ये चौकशी बसली. तेवढ्यात माणसं मआबारात हलू लागली. मग यांना नियम कोणता, छावणीचा की नागरी वस्तीचा? मुलं तीच, फक्त पत्ता बदललेला. धार्मिक पक्षांची तक्रार पोकळ नव्हती. पण मुलांच्या नोंदणीत उद्याच्या मतांचाही हिशेब होता, हे दोन्ही बाजू जाणून होत्या. नोंदणीच्या प्रस्तावावर सरकार हरलं आणि १४ फेब्रुवारी १९५१ला पंतप्रधानांनी राजीनामा दिला.

१९५१अखेर सव्वाशेच्या आसपास मआबारांत दोन लाखांवर लोक होते, त्यांत इराकी मोठ्या संख्येने. युरोपातून आलेले तुलनेने लवकर बाहेर पडले. त्याच सुमारास बीरशेबातल्या काही बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंबांनी तेल अवीवला ठिय्या दिला: आम्हाला मुंबईला परत पाठवा. १९५२मध्ये त्यांतल्या बऱ्याच जणांना पाठवलंही गेलं.

१९५४पासून ‘जहाजातून थेट खेड्यात’ हे धोरण आलं. मोरोक्कोतून आलेल्या अनेकांनी त्यामुळे मआबारा पाहिलाच नाही. जुने मआबारे हळूहळू मोडले, काही पक्के झाले. आजचं स्देरोत हे शहर त्यांतलंच.