अमातीचा किंग चेलो
किंग चेलो हे इटलीतल्या क्रेमोना गावात आंद्रेआ अमातीने सोळाव्या शतकाच्या मध्याला बनवलेलं, गजाने वाजवायचं खर्जाचं वाद्य आहे. व्हायोलिन घराण्यातलं आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं बेस वाद्य हेच मानतात. ते सध्या अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हर्मिलियनमध्ये, नॅशनल म्युझिक म्युझियमकडे आहे. आज त्याला चेलो म्हणतात खरं, पण जन्मलं तेव्हा ते चेलो नव्हतंच, आजच्या चेलोपेक्षा बरंच मोठं होतं आणि तारा बहुतेक 3 च असाव्यात.

'किंग' म्हणजे फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स, राज्यकाळ 1560 ते 1574. त्याच्या दरबारासाठी अमातीकडून 38 वाद्यं आणली होती असं परंपरेने सांगतात, त्यातली मोजकीच उरली. याच्या अंगावर रंगात आणि सोन्यात राजचिन्हं, मुकुट आणि राजाचं 'भक्ती आणि न्याय' हे लॅटिन ब्रीद रंगवलंय.

एवढं मोठं वाद्य करायचं कारण होतं तार. तेव्हा तारा म्हणजे नुसती आतड्याची तात, आपल्याकडे सारंगीला लावतात तशीच, आणि नुसत्या तातीतून खोल खर्ज काढायचा तर ती एकतर खूप जाड हवी नाहीतर खूप लांब, जाड केली तर आवाज दबतो, म्हणून लांब ठेवायची आणि मग पेटीही, म्हणजे वाद्याचं पोकळ लाकडी धड, तेवढीच मोठी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर धातूची बारीक तार गुंडाळायला लागले, इटलीतल्या बोलोन्या शहराचं नाव यात पुढे येतं, आणि कमी लांबीतही भरदार खर्ज मिळायला लागला. बोटं भरभर फिरवता येणारं छोटं वाद्य वादकांना हवंच होतं. क्रेमोनाचाच नावाजलेला वाद्यकार स्ट्रॅडिव्हरीसुद्धा सुरुवातीला मोठे चेलो करायचा, साधारण 79 सेंटीमीटर लांब पेटीचे, आणि 1707 च्या सुमारास 75-76 वर आला.

मग जुन्या मोठ्या वाद्यांचं काय करायचं, तर कापायची! किंग चेलो 1801 मध्ये पॅरिसमध्ये कापला. हे काम समजून घेण्यासारखं आहे: पेटी सरसाने जोडलेली असते त्यामुळे सांध्यात पातळ सुरी घालून ती उघडता येते, मग पाठ आणि पुढची फळी कडेने तासायची, मधूनही पट्टी काढायची, बाजूच्या पट्ट्या आखूड करायच्या आणि परत सरस लावून सगळं बंद करायचं. चांगल्या कारागिराने केलं तर साध्या वाद्यावर हे सहज कळतही नाही. इथे कळतं, कारण चित्रही कापलं गेलं. पाठीवर रंगवलेल्या न्यायदेवतेची कंबरच गायब आहे. बघून वाईट वाटतंच, पण कापणाऱ्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही, न वाजणारं धूड कुणी सांभाळून ठेवलं असतं असं नाही.

न कापलेले मोठे चेलो फार थोडे आहेत, स्ट्रॅडिव्हरीचे 1690 चा 'मेडिची' आणि 1701 चा 'सर्वे' या नावांचे चेलो त्यातले. किंगच्या बाबतीत मूळ आकार शोधायला चित्रच कामाला येतं, अर्धवट राहिलेल्या आकृत्या पूर्ण करून बघितल्या की मधून किती लाकूड गेलं याचा अंदाज लागतो, आणि अलीकडे सीटी स्कॅन करून आतले सांधेही तपासलेत.