दाबोळीच्या संग्रहालयात प्रवासी विमान कसं आलं?

गोव्यात वास्कोजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झालं. आवारात शिरलं की नजर आधी जाते ती चार पंख्यांच्या लांबलचक सुपर कॉन्स्टेलेशनकडे. हे विमान खरं तर नौदलासाठी घेतलेलंच नव्हतं.

एअर इंडियाने १९५० च्या दशकात ही विमानं परदेशी मार्गांसाठी घेतली. शेपटीवर एकाऐवजी तीन बुटकी उभी पाती दिसतात, कारण एकच उंच पातं तेव्हाच्या हँगरच्या दारात अडलं असतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि पिस्टन इंजिनांची ही विमानं मागे पडली. ती हवाई दलाकडे गेली आणि समुद्रावरच्या टेहळणीला लागली. १९७६ मध्ये ते काम नौदलाकडे आलं, त्याबरोबर विमानंही आली. मुक्काम दाबोळी.

दाबोळीही मूळची नौदलाची नव्हे. तिथला विमानतळ पोर्तुगिजांनी बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले, पण तिथे उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना धक्का लावला नाही. पोर्तुगिजांनी रात्री खड्डे कसेबसे बुजवले आणि दोन्ही विमानं उडवून नेली. त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशनच होतं! इथे आलेल्या पाहुण्याला हा योगायोग आधी सांगायला हवा, असं मला वाटतं. पुढे १९६४ मध्ये नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ तमिळनाडूतल्या सुलूरहून इथे हलला.

सी हॉक आणि अलिझे ही मात्र खास विमानवाहू नौकेची विमानं. ती ‘विक्रांत’वरून उडायची. अलिझेच्या पंखाचा सांधा जवळून पाहावा. डेकवर जागा अपुरी, म्हणून पंख तिथे दुमडून वर घ्यायचे. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ला केला तो सी हॉकनी. नौदलाचं पहिलं विमान शॉर्ट सीलँड हेही इथे आहे. ते १९५३ मध्ये कोचीत आलं होतं.

सी हॉकची जागा १९८३ पासून सी हॅरियरने घेतली. तेही २०१६ मध्ये ‘हंसा’वरूनच निवृत्त झालं. संग्रहालयात यायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.